काट्यावर तोललेला ॲम्प्लिफायर

भूपालण्णा मगदुमांना कमी ऐकू येतं हे गल्लीला, पुण्यातल्या मुलीला आणि दारावरच्या भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. एकट्या भूपालण्णांनाच ठाऊक नव्हतं. त्यांचं म्हणणं, हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात आणि टीव्हीवाले मुद्दाम आवाज बारीक सोडतात. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत चौतीस वर्षं ओतीव माल ग्राइंडरवर घासलेल्या माणसाला कमी ऐकू येईल होय? असल्या गलक्यात कान उलट घट्ट होतो, असं ते छाती काढून सांगायचे.

मुलगी रुचितानं कानाच्या मशीनसाठी तीस हजार पाठवले. आता अण्णा काही लबाड नव्हेत. पैसे आवाजासाठी आलेत तर आवाजावरच घालायचे, एवढं त्यांनी पाळलं. माळ्यावर दोन जुने लाकडी स्पीकर धूळ खात पडले होते. त्यांना एक चांगला ॲम्प्लिफायर जोडला की टीव्ही ऐकू येईल, भजनं ऐकू येतील आणि कानात खुंटी ठोकून गावभर हिंडायची लाजही वाचेल. बायको अक्काताई यावर चकार शब्द बोलली नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला घाम फोडणारी बाई तीस हजारांवर गप्प बसली, तिथंच शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती. अण्णा त्या दिवसांत कामात होते.

काम म्हणजे अभ्यास. पाच महिने मोबाईल हातातून सुटला नाही. अण्णा खुर्चीत, मोबाईल उजव्या कानाला, आणि त्यांच्या डाव्या हाताला अक्काताई भाजी निवडत काहीबाही पुटपुटतेय, अशा संध्याकाळी गेल्या. मोबाईलवर व्हिडिओ टाकणारी पोरं ॲम्प्लिफायरच्या एकेका डब्याची अशी तारीफ करायची की जणू स्थळच सांगून आलंय. एकजण म्हणाला, या मशीनच्या आवाजात हवा आहे. अण्णांनी तो डबा तिथंच बाद केला. ओतताना आत हवा धरून पोकळ राहिलेला माल त्यांनी जन्मभर खडूची फुली मारून बाजूला काढला होता, आणि हा बाबा त्याचेच जादा पैसे सांगत होता.

शेजारच्या बाळासोचा सल्ला न मागता मिळाला. बाळासोनं वीस वर्षं गल्लीच्या मंडळाची साउंड सिस्टीम सांभाळलेली, त्यामुळं त्याला एकच प्रश्न येतो. "वॅट किती?" एका चिनी डबीवर हजार वॅट लिहिलेलं बघून तो हरखला.

"अण्णा, हेच घ्या. खिडकीच्या काचा थरथरल्या न्हाईत तर त्याला गाणं म्हणायचं कसं?"

"मर्दा, पेढ्याचा बॉक्स यापेक्षा जड असतोय," अण्णा म्हणाले. "हजार वॅट काय कागदावर बसल्यात?"

इथं अण्णांना त्यांची विद्या सापडली. फौंड्रीत माल किलोवर जातो. जड तो भरीव, हलका तो पोकळ. ते घरातला ताणकाटा पिशवीत घालून राजारामपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदार अभिनंदन गरीब स्वभावाचा पोरगा. त्यानं एकेक मशीन काढून दिलं, अण्णांनी ते आकड्याला टांगलं, बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं आणि मान हलवली.

"अण्णा, लावून ऐकवू काय?" त्यानं दोनदा विचारलं.

"ऐकायचं काय त्यात? आधी वजन कर."

शेवटी सव्वासात किलोचं एक मशीन अठ्ठावीस हजारांना पसंत पडलं. मजा अशी की मशीन खरंच चांगलं होतं. आत तांब्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर होता, म्हणून ते जड भरलं. आंधळ्याच्या गायी देव राखतो, तसं झालं.

घरी जोडणी झाली, भजन लागलं, बाळासो मान डोलवायला लागला आणि अण्णांच्या कपाळाला आठी पडली. डावा स्पीकर मेल्यासारखा वाजत होता. दुसऱ्या दिवशी अभिनंदनला घरी बोलावून त्यांनी बाळासोच्या देखतच फैलावर घेतलं. त्यानं निमूटपणे वायरींची अदलाबदल केली. तरी डावाच मेलेला. मग तो जरा थांबला, अण्णांकडं बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, खुर्ची उलटी करून बसा बघू."

अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. आता मेलेला स्पीकर जिवंत झाला आणि दुसरा मेला.

चौतीस वर्षं ग्राइंडर डाव्या अंगाला होता. अण्णांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

अभिनंदन त्यांच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला. "मशीन मी परत नेतो अण्णा. पैसे सगळे देतो. तुम्ही कानाचं बघा."

"ऱ्हाऊ दे की," रोजच्या जागी विळीवर बसलेली अक्काताई पटकन म्हणाली. पाच महिन्यांत या विषयावरचं हे तिचं पहिलं वाक्य. "परत कशाला? बरं वाजालंय."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. ही बाई दोन रुपये सोडत नाही. "का गं?"

अक्काताईनं आधी विळी बाजूला सारली. "तुमास्नी कायतरी सांगायचं असलं की मी उजवीकडं बसतो," ती म्हणाली. "मला बोलायचं असलं की डावीकडं बसतो."

"म्हंजे माझा कान गेलाय, तुला ठावं होतं?"

"नोकरीत हुता तवापासनं."

"आणि बोलतीस काय?"

"ते तुमच्यासाठी न्हाय. बोललं की मला बरं वाटतंय, एवढंच. तुमच्या कानाला मशीन आलं की ते बी बंद."

अण्णांनी ताणकाट्यावर जगभराची मशीनं तोलली, आणि हातभर अंतरावरचं बोलणं तेवढं राहून गेलं.

"अभिनंदन, उचल ते मशीन," ते म्हणाले.

तो वायरी गुंडाळून निघून गेला. बाळासोही चहाची वाट न बघता सटकला. अण्णा उठले, खुर्ची सरळ केली आणि पुन्हा फिरवली, अशी की अक्काताईची रोजची जागा त्यांच्या उजव्या हाताला आली.

"कानाचं मशीन येईस्तवर कशाला थांबायचं? बोल आता."

अक्काताईनं पदर सावरला आणि पार लग्नाच्या मांडवापासून सुरुवात केली.