दबारेची गाडी

"आधी ऐकू, मग उघडू," असं बोनाया म्हणायचा. गाडी कुणाचीही असो, बिघाड कसलाही असो, तो आधी इंजिन चालू करायला लावायचा आणि लांब ताडाच्या सावलीत जाऊन उकिडवा बसायचा. डोळे मिटलेले, हनुवटी काठीवर. ट्रकवाले घाईचे. ते ओरडायचे, "बोनाया, डुलकी लागली का?" तो म्हणायचा, "ती बोलतेय. तू जरा गप्प राहा." बऱ्याच वेळाने उठून तो बोनेट उघडायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्याच जागी हात घालायचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खोट सापडायची. पण ऐकल्याशिवाय त्याने पाना कधी हातात घेतला नाही.

तो जन्माचा मेकॅनिक नव्हता. उंटांमागे चालत वाढलेला माणूस. आमच्या कलाचा गावात तो आला मोठ्या दुष्काळानंतर. त्याचा कळप चालबीच्या वाळवंटातल्या पांढऱ्या खारट मातीवर एकेक करून खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. बायको तालासो, तिच्या पाठीवर मुलगी गुमातो आणि त्याच्या कमरेला म्होरक्या उंटाच्या गळ्यातली लाकडी घंटा, एवढं घेऊन तो आमच्या झऱ्यावर उतरला. माझ्या घराशेजारी त्यांनी चटयांचं घर उभं केलं. संध्याकाळी सगळ्यांची जनावरं परत यायची, धुळीचा एक सोनेरी पडदा गावावर उतरायचा, आणि त्या वेळी बोनाया दाराकडे पाठ करून बसायचा. त्याचं कुंपण रिकामं होतं. आमच्या लोकांत ज्याच्या कुंपणात उंट नाही त्याला पंचायतीत बसायला जागा मिळते, पण त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

त्याच्या कुळातला रोबा नावाचा थोरला भाऊबंद चालबीपलीकडच्या मार्साबितला दुकान चालवायचा. कुळातला माणूस असा उघडा पडला तर ज्याच्याकडे आहे त्याने त्याला दुभती उंटीण द्यायची, हा आमचा रिवाज. त्याला आम्ही दबारे म्हणतो. दूध सांभाळणाऱ्याचं, जनावर देणाऱ्याचं. देणारा जेव्हा कधी परत मागायला येईल तेव्हा कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, जनावर धुऊन-पुसून दोरी हातात द्यायची. 

रोबा आला, पण दुष्काळाने त्यालाही सोडलेलं नव्हतं. त्याची एक जुनी गाडी ताडांखाली दगडांवर उभी होती. चारही चाकं ओढणारी, उंच, रंग उडून हाडासारखी पांढरी पडलेली. शेळ्यांची पिल्लं तिच्यात झोपायची. तो पंचायतीपुढे ओशाळून म्हणाला, "द्यायला माझ्याकडे हीच आहे."

लोक हसले. आमचे सर्वांत म्हातारे दोकाता आबा मात्र गाडीभोवती फिरून आले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "पाय चार आहेत. आजारी आहे, पण जनावर आहे."

जनावर सोपवताना देतात तशी रोबाने आपली काठी बोनायाच्या हातात दिली. अशी ती गाडी दबारे झाली. त्या दिवसापासून बोनाया दाराकडे तोंड करून बसू लागला. त्याच्याकडे दुसरं जनावर कधी आलं नाही. ती गाडी हाच त्याचा कळप, तीच त्याची पंचायतीतली पत. ती आहे तोवर तो कुणीतरी होता, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही.

मग त्याने बेत आखायला घेतला. वहीबिही नव्हती. गाडीशेजारच्या मातीत तो काठीने गाडीचं चित्र काढायचा आणि जिथे जे बदलायचं तिथे खडा ठेवायचा. वारा चित्र पुसायचा, खडे राहायचे. दुसऱ्या दिवशी तो खड्यांभोवती पुन्हा गाडी काढायचा. काम झालं की तिथला खडा उचलून लांब फेकायचा.

"किती खडे राहिले रे?" दोकाता आबा जाता-येता विचारायचे.

"जनावरं मोजू नयेत, आबा."

"तुझं जनावर निम्मं मातीतच आहे, त्याला काय मोजायचं?"

पहिला खडा रेडिएटरचा. आमच्या उन्हात पाणी उकळतं, तर तिच्या पोटात काय होत असेल. मग मागचे स्प्रिंगचे पाटे, कारण आमचे रस्ते म्हणजे काळ्या दगडांची रास. मग ब्रेक. मार्साबितहून येणारे ट्रकवाले कुठल्या कुठल्या मोडक्या गाड्यांतून भाग आणून द्यायचे. त्याच्या बदल्यात तो त्यांची चाकं काढायचा, ग्रीस भरायचा, उन्हात त्यांच्या गाड्यांखाली पाठ भाजून घ्यायचा. एकदा आणलेला पाटा दुसऱ्याच गाडीचा निघाला. बोनायाने तो तापवून, ठोकून बसवला. पुढे गाडी कायम एका अंगाला किंचित कललेली राहिली. "ओझ्याचा उंट असाच चालतो," असं म्हणून त्याने तिला आहे तशी स्वीकारली.

गाडी पहिल्यांदा आपल्या पायांवर झऱ्यापर्यंत गेली तेव्हा त्याने कमरेची लाकडी घंटा तिच्या आरशाला बांधली. गाडी खड्ड्यात गेली की आत टोक-टोक वाजायचं. बायका डोक्यावरचं पाणी सांभाळत म्हणायच्या, "बोनायाचा कळप आला." 

आणि एक दिवस तो नळा आला. इंजिनने धूळ ओढू नये म्हणून काचेच्या बाजूने छतापर्यंत जाणारा उंच नळा. असा नळा आमच्याकडे कुणाच्या गाडीला नव्हता. बोनायाने तो बसवला, पुसला, मागे सरकून पाहिला. त्याला वाटलं, आता चारचौघांत कुणी म्हणावं की निदान हा नळा तरी बोनायाचा आहे. एवढीच हौस. गाडी पंचायतीच्या झाडापाशी आणून त्याने उभं राहून विचारलं, "दबारेच्या अंगावर मी जे चढवलं, ते कुणाचं?"

त्याने विचारलं नसतं तर हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसता. पण पंचायतीत पडलेला प्रश्न उत्तराशिवाय उठत नाही. बराच खल झाला. कुणी म्हणालं, गाडीने ओझी वाहून मिळवलेलं ते दूध आणि दुधातून आलेला नळा, म्हणून तो बोनायाचा. शेवटी दोकाता आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या उंटिणीला तू चारा घातलास. तिच्या अंगावर मांस चढलं. ती परत जाईल तेव्हा मांस कापून ठेवणार का?"

"आणि धूर कुणाचा, आबा?" मागून कुणीतरी विचारलं.

"धूर बोनायाचा."

सगळे हसले, बोनायाही हसला. हसताना त्याचा हात मात्र नळ्यावर होता. निवाडा झाला तो झाला. त्यानंतरही तो खडे फेकतच राहिला. दुसरी टाकी बसवली, आजारी माणूस झोपेल एवढी फळी आत ठोकली. तालासो चिडायची. "गुमातोचे बाबा, दुसऱ्याच्या लेकीला किती दागिने घालाल?"

तो म्हणायचा, "तिला भूक लागते ती मला ऐकू येते. काय करू?"

शेवटचा एकच खडा राहिला होता, आणि तो बरीच वर्षं राहिला. गाडीची पुढची चाकं ओढत नव्हती. चार पायांची म्हणून दिलेली ती मागच्या दोन पायांवरच चालायची, कारण पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट आतून झिजून गेला होता. कोरड्यात चालून जायचं. पण पाऊस झाला की चालबीची माती गुळासारखी होते, आणि मग आम्ही या काठावर, जग त्या काठावर. तो शाफ्ट कुठेच मिळेना. अखेर रस्त्याच्या कामावरच्या एका जळक्या गाडीखालून एका ट्रकवाल्याने तो काढून आणला. त्यासाठी बोनायाने काय दिलं ते त्याने तालासोलाही सांगितलं नाही. पण गुमातोच्या लग्नासाठी ठेवलेली रंगीत चटई त्यानंतर मला त्यांच्या घरात दिसली नाही.

शाफ्ट बसला, शेवटचा खडा गेला, आणि पाऊस आला. त्या पावसात वातो नावाची आमची एक सून बाळंतपणात अडली. दाईने हात टेकले. बोनायाने तिला फळीवर झोपवलं आणि ओल्या चालबीत गाडी घातली. मी काठावर उभा होतो. चारही चाकं चिखल मागे फेकत होती, गाडी कलत होती, सावरत होती, आणि त्या सपाट पांढऱ्या पाण्यात ती लहान होत होत दिसेनाशी झाली. वातो मार्साबितच्या दवाखान्यात मोकळी झाली. मुलगा झाला. परत येताना बोनाया चिखलाने एवढा माखला होता की गुमातोने त्याला आवाजावरून ओळखलं.

तो घरी पोचायच्या आधीच ही गोष्ट मार्साबितच्या बाजारात फिरली. रोबाच्या दुकानापुढेच ती रोज सांगितली जायची, कलाचातली ती गाडी, चारही पायांनी चालबी ओलांडणारी.

माती वाळल्यावर रोबा आला. बरोबर त्याचा मोठा मुलगा इसाको, शहरात शिकून घरी बसलेला. ताडाखाली बसून रोबा आणि बोनायाने चहा घेतला. रोबा रीतीप्रमाणे विचारत गेला.

"सुखात?"

"सुखात."

"पोरंबाळं सुखात?"

"सुखात, दादा."

"उंट सुखात?"

"सुखात," बोनाया म्हणाला. रिकाम्या कुंपणाच्या माणसालाही हेच उत्तर द्यावं लागतं.

रोबा कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बोनाया, मी माझं जनावर न्यायला आलो."

इतकंच बोलला. कारण सांगायची गरज नव्हती, तरी तो थोड्या वेळाने सांगू लागला. इसाकोला जमीन मोजणाऱ्या लोकांकडे काम मिळत होतं, अट एकच, चारही चाकांची गाडी हवी. "पोरगा घरात बसून बसून सुकत चाललाय रे. दुसरं काही असतं तर..."

"दादा, कारण नको," बोनाया म्हणाला. "तुझंच आहे."

"तू कायकाय केलंस ते ऐकलं मी."

"चारा घातला."

रोबाचे डोळे भरले होते असं मला वाटलं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

सकाळी गाडी जायची ठरली. उजाडताच बोनाया तिला झऱ्यावर नेऊन धुऊन आला. तालासो घरात त्याची वाट पाहत होती. चटईची भिंत पातळ, मला सगळं ऐकू आलं.

"तो शाफ्ट काढून ठेवा."

तो हत्यारं आवरत राहिला.

"कुणाला कळणार आहे? दिली तेव्हा दोनच पाय चालत होते. दोनच परत द्या. पोरगा पहिल्याच पावसात चिखलात रुतेल आणि आणून सोडेल."

"पंचायत बसली होती, तालासो. मीच बसवली होती."

"मग तिथंच बसा आता. तुमचं ऐकणार तरी कोण?"

बोनाया पाना घेऊन बाहेर आला आणि गाडीखाली शिरला. तालासो दारात उभी राहिली. मीही पाहत होतो. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते, टाचा मातीत रुतलेल्या. पाना लागल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. पुन्हा पाना. तो बाहेर आला तेव्हा हात रिकामे होते.

"काढला?" तिने हलकेच विचारलं.

"एक बोल्ट ढिला होता," तो म्हणाला. "आवळला."

तालासो त्याच्याकडे पाहत राहिली. तिला रागावताही येईना. ती वळली, गाडीचं दार उघडून आत वाकली आणि घरात निघून गेली.

सगळं गाव जमलं. दोकाता आबांनी वाटीतलं दूध बोनेटवर शिंपडलं, परत जाणाऱ्या जनावरावर शिंपडतात तसं. बोनायाने किल्ली रोबाला नाही, इसाकोला दिली, आणि सांगत राहिला. पाणी थंड असतानाच बघ. उतारावर तिला घाई करू नकोस. डावीकडे कलते, घाबरू नकोस, तिची चालच तशी आहे.

"काका, वेगळा आवाज आला तर?" इसाकोने विचारलं.

"आधी ऐक," बोनाया म्हणाला. पुढचं बोलला नाही.

गाडी निघाली. पहिल्या खड्ड्यात कलली, सावरली. बोनायाने मान तिरकी करून कान दिला. इंजिन ठीक होतं. पाटे ठीक होते. तरी तो कान देऊन उभाच राहिला, काहीतरी ऐकू यायला हवं होतं आणि येत नव्हतं. गाडी काळ्या दगडांआड गेली, धूळ उरली, मग तीही बसली.

तो वळला. घराकडे आला नाही, पंचायतीच्या झाडाकडेही गेला नाही. काठी खांद्यावर आडवी घेऊन, दोन्ही हात तिच्यावर टाकून, उंटांमागे चालतात तसा संथ चालत चालबीकडे निघाला. पुढे काहीच नव्हतं. दोकाता आबा रिकामी वाटी घेऊन पाहत होते, मी पाहत होतो, आणि दारात तालासो उभी होती, लाकडी घंटा मुठीत अशी घट्ट धरून की ती वाजू नये.