चोवीस पॉइंट सहा

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला रसायनशास्त्र येतं की नाही, हा प्रश्न कॉलेजात कधी कुणाला पडला नव्हता. त्याला सगळं येतं हे विद्यार्थ्यांना माहीत होतं, आणि त्याला काही यायची गरज नाही हे ऑफिसला माहीत होतं. तो लॅब अटेंडंट होता. विद्यार्थी त्याला मामा म्हणत, प्राध्यापक मामा म्हणत, आणि वयाने मोठे असलेले प्राचार्यसुद्धा मामाच म्हणत. घरी बायको 'अहो' म्हणे. त्यामुळे त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं, आणि तिथंही ते अर्धं छापलेलं असे.

विसाव्या वर्षी मामा याच कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. पासही झाला, बऱ्यापैकी मार्कांनी. मग वडिलांनी अंथरूण धरलं, तिसऱ्या वर्षाची फी भरायची राहून गेली, आणि 'दोन महिन्यांपुरतं' म्हणून तो याच प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. ते दोन महिने अजून संपायचे होते.

पण माणूस कामाचा पक्का. प्रॅक्टिकलसाठी लागणारी द्रावणं करणं हे त्याचं काम. तराजूचा काटा शून्यावर आहे ना हे तो तीनदा बघायचा, पाणी खुणेपर्यंत आलं की शेवटचे थेंब श्वास रोखून टाकायचा. परीक्षेत दरवर्षी एक ठरलेला प्रयोग असे. चंबूत मामाने केलेलं आम्ल घ्यायचं, वर उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, त्यात थेंब थेंब अल्कली सोडायची, आणि चंबूत जेमतेम दिसेल असा गुलाबी रंग आला की थांबून नळीवरचा आकडा वाचायचा. मामाच्या द्रावणाला तो आकडा चोवीस पॉइंट सहा यायचा. विभागप्रमुख बाईंनी फार वर्षांपूर्वी स्वतः तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच आलं. त्यांनी तो आकडा एका कार्डावर लिहिला. तेव्हापासून परीक्षेला बाहेरून जे परीक्षक येत त्यांच्या हातात ते कार्ड जाई, आणि बाईंनी पुन्हा ब्युरेटला हात लावला नाही. मामा असताना लावायचा कशाला?

आता मामाचा एक गुन्हा सांगायला हवा, जरी तो स्वतः त्याला गुन्हा मानत नसे. परीक्षेच्या दिवशी एखाद्या मुलाचा आकडा दरवेळी वेगळा येऊ लागला, एखादी मुलगी रडवेली झाली, की धुतलेला चंबू ठेवण्याच्या निमित्ताने मामा तिथून जाई आणि ओठ न हलवता म्हणे, "चोवीस पॉइंट सहा." पोरांचं वर्ष वाया जाऊ नये, एवढाच हेतू. पुढे पुढे ते म्हणायचीही गरज राहिली नाही. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगू लागली. त्या कॉलेजात इतकं पक्कं शिकवलं गेलेलं दुसरं काहीच नव्हतं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना लॅब असिस्टंट निवृत्त व्हायची वेळ आली. त्या जागेला पदवी लागते. "तुम्हालाच घेतलं असतं हो," बाई म्हणाल्या, "पण कागद नाही ना तुमच्याकडे." कागद नाही म्हणजे बाहेरून कुणीतरी कागदवाला येणार, आणि मामाला त्याच्याच प्रयोगशाळेत कुठली बाटली कुठे ठेवायची ते सांगणार. हे काही त्याच्या पचनी पडेना. त्यातच नोटीस लागली: ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलंय त्यांना जुने मार्क धरून शेवटचं वर्ष पुरं करता येईल, मात्र ही सवलत याच वर्षापुरती. शिवाय कर्मचाऱ्यांना अर्धी फी.

मामा फॉर्म घेऊन खिडकीशी गेला. क्लार्क म्हणाला, "मुलीचा का, मामा?"

"नाही. माझा."

"सकाळी सकाळी चेष्टा नको हो. मागे रांग आहे."

"अरे बाबा, माझाच आहे. दुसऱ्या वर्षाची मार्कशीट लावलीय बघ."

क्लार्कने मार्कशीट हातात घेतली, घड्या उलगडल्या, आणि बराच वेळ त्या सव्वीस वर्षं जुन्या मार्कांकडे पाहत राहिला. "मामा, तुम्हाला गणितात माझ्यापेक्षा जास्त होते," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

बाकी खर्च मामाने जवळजवळ होऊच दिला नाही. पुस्तकं लायब्ररीतली, मागची पानं गेलेली. कॅल्क्युलेटर ऑफिसने टाकून दिलेला, त्याचं सातचं बटण जोरात दाबावं लागे. पांढरा एप्रन तर प्रयोगशाळेच्या कपाटातच सापडला. कुणी तरी विद्यार्थी कधीकाळी विसरून गेला होता आणि खिशावर पेनाने डोळा मारणारा चेहरा काढून गेला होता. बायकोने तो दोनदा धुतला, पण डोळा काही मिटला नाही.

सकाळी सात ते दहा मामा विद्यार्थी आणि साडेदहापासून मामा. हा बदल त्याला जमायचा, इतरांना जमायचा नाही. तो शेवटच्या बाकावर बसून मन लावून लिहून घेत असायचा, आणि प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "मामा, खडू संपला." मामा वही बंद करायचा, खाली जाऊन खडू आणायचा, आणि परत येईपर्यंत निम्मं समीकरण पुसलेलं असायचं. ते तो शेजारच्या मुलीकडून उतरवून घ्यायचा. एकदा हजेरी घेताना त्याचं खरं नाव पुकारलं गेलं तर वर्गात कुणीच 'हजर' म्हणेना. दोनदा पुकारल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे आपणच.

लेखी पेपर मात्र त्याने मान मोडून अभ्यास करून दिले आणि ते बरे गेले. आता राहिलं प्रॅक्टिकल. त्यात वेगळं पास व्हावं लागतं, चाळीसपैकी सोळा. इथे घोडं अडलं तर पदवी गेली, जागा गेली, आणि पुढच्या वर्षी सवलतही नाही. पण प्रॅक्टिकलची काळजी कोण करतो? बायकोने विचारलं तेव्हा मामा हसून म्हणाला, "अगं, तो तर हातचा मळ आहे माझ्या."

नियम असा, की परीक्षार्थीने परीक्षेची द्रावणं स्वतः करायची नाहीत. प्राचार्यांनी त्याला चार दिवस प्रयोगशाळेत फिरकायला मनाई केली आणि त्याच्या जागी लायब्ररीतला शिपाई नेमला. भला आणि फार टापटिपीचा माणूस. पुस्तकांच्या कडा तो पट्टी लावून सरळ करायचा. मामाने त्याच्यासाठी कृती मोठ्या अक्षरात लिहून ठेवली: काय किती तोलायचं, आणि पाणी पाच लिटरच्या खुणेपर्यंत.

परीक्षेच्या दिवशी मामा डोळा मारणारा एप्रन घालून तेवीस मुलामुलींबरोबर उभा राहिला. बाहेरचे परीक्षक तरुण होते, त्याच्या जावयाच्या वयाचे. त्यांनी वेळ सांगितली. मामाने ब्युरेट भरली, बुडबुडा काढला, तोटीवर बोटं ठेवली. अठराच्या पुढे तो थेंबाथेंबाने जाऊ लागला. आणि एकवीसच्या जरा पुढे चंबूतलं पाणी गुलाबी झालं.

त्याला वाटलं, चंबू नीट धुतलेला नसेल. स्वतः धुतला, पुन्हा केलं. एकवीस पॉइंट तीन. तिसऱ्यांदा केलं, अगदी श्वास रोखून. एकवीस पॉइंट तीन. मग त्याने मान वर करून कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे द्रावणाचं आणखी एक, अजून कुणी हात न लावलेलं मोठं भांडं होतं, आणि ते तोंडापर्यंत भरलेलं होतं. पाच लिटरची खूण बरीच खाली, पाण्यात बुडालेली. शेजारी लायब्ररीतला शिपाई समाधानाने उभा होता. भांडं अर्धवट रिकामं दिसतं, हे काही त्याच्या डोळ्यांना बघवलं नसणार.

मामाने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या मुलीच्या चंबूत गुलाबी रंग आला तशी ती दचकली. तिने नळीवरचा आकडा वाचला, ओठ चावला, आणि तोटी सोडून दिली. अल्कली भरभर खाली गेली, चोवीस पॉइंट सहावर तिने तोटी बंद केली आणि सुस्कारा सोडून आकडा लिहिला. सगळ्या टेबलांवर हेच चाललं होतं. तेवीस चंबूंत भडक गुलाबी पाणी, आणि एकट्या मामाच्या चंबूत दिसेल न दिसेल असा रंग. चंबूंकडे एक नजर टाकली असती तरी परीक्षकांना सगळा प्रकार कळला असता. पण ते कार्ड वाचत होते.

मामाने पेन उचललं. चोवीस पॉइंट सहा लिहायला त्याला कितीसा वेळ लागणार होता? सव्वीस वर्षं तोंडपाठ होतं. त्याने दोनचा आकडा काढला आणि तो थांबला. आजवर ब्युरेटने त्याला जे काही दाखवलं ते त्यानेच आधी तोलून, मापून ठेवलेलं असायचं. हा एकवीस पॉइंट तीन पहिल्यांदाच त्याला न विचारता आला होता. त्याने तो शोधला होता, चक्क स्वतः. मामाला इतका आनंद झाला की त्याने तो आकडा लिहून टाकला, खाली रेघ मारली, आणि मग त्याला ते चाळीसपैकी सोळा आठवले.

तोंडी परीक्षेला परीक्षक आणि बाई शेजारी शेजारी बसले होते.

"गुलाबी रंग का येतो?" परीक्षकांनी विचारलं. मामाने सांगितलं, नीट, क्रमाने, समीकरणासकट. परीक्षक खूश झाले. मग त्यांनी कागद पाहिला, कार्ड पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"तुमचं एकवीस पॉइंट तीन आलंय. बाकी तेवीस जणांचं चोवीस पॉइंट सहा. कुणाचाही एका थेंबाचा फरक नाही. मग तुमचंच असं का?"

'सर, तेवीस जणांच्या हातून एका थेंबाचाही फरक पडत नाही, हे तुम्हाला विचित्र नाही वाटत?' हे मामाच्या अगदी ओठांवर आलं होतं. 'उठा, आणि त्या भांड्यातलं पाणी बघा.' पण मग तेवीस पोरं नापास. मग चौकशी. मग हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला असं एकेकाला विचारणार, आणि सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळणार. मामाने बाईंकडे पाहिलं. बाईंचं तोंड उघडलं होतं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, त्यावरच्या स्वतःच्या विटलेल्या अक्षराकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"हात हलला असेल, सर," मामा म्हणाला.

"याआधी कधी ब्युरेट हाताळली आहे का?"

"थोडीफार."

"वाटत नाही," परीक्षक हळुवारपणे म्हणाले. "तुमची थिअरी चांगली आहे. या वयात शिकताय, मला मनापासून कौतुक आहे. पण उपकरणांवर हात बसायला हवा. असं करा, या कॉलेजातल्या लॅब अटेंडंटला सांगा, तो दाखवेल तुम्हाला."

मामा म्हणाला, "सांगतो, सर." त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

महिन्याने निकाल लागला. प्रॅक्टिकलला मामाला सोळा मिळाले होते, नेमके. म्हणजे परीक्षकांनी दया केली होती. पदवी मिळाली, आणि जागेचं पत्रही आठवड्यात आलं. त्यावर त्याचं नाव पूर्ण छापलेलं होतं. बायकोने पेढ्यांचा विषय काढला तर तो म्हणाला, आधी हे बघ, आणि मार्कशीट तिच्यापुढे ठेवली.

बायको कपड्यांच्या दुकानासाठी पॅन्ट लांब-आखूड करून द्यायची. दातात दोरा धरूनच तिने मार्कशीट वाचली.

"प्रॅक्टिकल सोळा? किती पैकी?"

"चाळीस."

"अहो, सव्वीस वर्षं घासलीत त्या खोलीत, आणि तिथंच सोळा? शेजारणीला सांगू काय मी? बाकीच्यांना किती?"

"अडतीस. सगळ्यांना."

तिने दोरा तोडला आणि पॅन्ट बाजूला ठेवली. मग मामाने तिला सगळं सांगितलं. तोंडापर्यंत भरलेलं भांडं, भडक गुलाबी चंबू, बाईंचं कार्ड, ते चोवीस पॉइंट सहा. चंबू ठेवायच्या निमित्ताने टेबलाटेबलांजवळून फिरायचा तेही सांगितलं, जे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे खरं तुमच्या एकट्याचं आलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि खोटं त्या तेवीस जणांनी लिहिलं. तुम्ही शिकवलेलं."

मामाने मार्कशीट उचलून तिची घडी घातली.

"मग मास्तर म्हणून तुम्ही चांगलेच आहात की," बायको म्हणाली आणि पॅन्ट पुन्हा मांडीवर घेतली. "शिकवलेलं एकही पोर विसरलं नाही."