खंड्या गेला, असं मी सांगितलं

हे आमच्या ह्यांनासुद्धा ठाऊक नाही. माझ्या पोटातलं सगळं सख्ख्या बहिणीला कळतं, पण एवढं एक तिलाही कधी कळू दिलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ते काही मला धड सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

कुत्र्यापासून सुरू करते, ते सोपं आहे. सावेडीत आमच्या गल्लीत बंटीला सगळे ओळखतात. तांबूस रंग, एक कान पडलेला, मागचा एक पाय किंचित उचलून चालतो. शेजारचे लोक कुत्र्यांना खेळायला पैसे भरून कुठं कुठं नेतात. मी पहिल्यापासून चिक्कू — फुकट ते पौष्टिक! आम्ही दोघं सकाळी मोकळ्या प्लॉटांवर हुंदडतो. ह्यांच्या जुन्या मोज्याला गाठ मारली की आमचा चेंडू तयार. स्कूटरवर तो पुढं, पाय ठेवायच्या जागेत बसून वारा खातो. आणि लपाछपी — ती तर आमची खास. मी जिन्याखाली लपायचं, "कुठंय मी?" म्हणून ओरडायचं, की तोंडातलं हाड टाकून तो मला हुडकत सुटतो. सापडले की असा नाचतो, असा नाचतो... पन्नाशी उलटल्यावर आपल्याला इतक्या जिवाच्या आकांतानं कोणी शोधतं का हो?

हे कारण म्हणून सांगत नाहीये. की सांगतेय? बघा, इथंच माझा गोंधळ होतो.

तर — बंटी माझा नाही.

आमची शेती पारनेरकडं आहे, धाकटे दीर बघतात. दिवाळीनंतर बाजरी निघाली की धनगर मेंढ्या घेऊन कोकणाकडं निघतात, तेव्हा भाऊजी आमच्या रानात मेंढ्या बसवतात. कळप काही रात्री रानात मुक्काम करतो, जमिनीला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. बिरू नावाचा धनगर दरवर्षी यायचा. त्या वर्षी त्याच्या कुत्र्याचा पाय टेम्पोखाली आला होता. मी दिवाळीची तिथंच होते. निघताना बिरूनं त्याला आमच्या ओसरीवर आणून ठेवलं. "ह्यो काय घाट उतरायचा न्हाई, वैनी. परतीला नेतो. तवर संभाळा." मी हो म्हटलं. त्याचं नाव खंड्या, हेही त्यानंच सांगितलं.

मी खंड्याला सावेडीला नेलं, औषधपाणी केलं. बंटी हे नाव कधी पडलं, आठवत नाही. ह्यांना म्हटलं, धनगरानं देऊन टाकलाय. ते पहिलं खोटं. तेव्हा ते खोटं वाटलंही नाही — जरा पुढचं बोलले, इतकंच. एवढ्या मेंढ्यांच्या रगाड्यात कोण लंगड्या कुत्र्याची आठवण ठेवतंय, असं मी धरून चालले होते.

पाऊस तोंडावर आला तेव्हा मी कुरडया करायला शेतावर गेले, बंटीला घेऊनच. जाऊबाई माहेरी होत्या. भाऊजी गाय घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेलेले. कुरडयांत तोंड घालतो म्हणून बंटी आतल्या खोलीत होता, दार नुसतं लोटलेलं. रस्त्यावरून मेंढ्यांचा आवाज आला. मी हातातला सोऱ्या खाली ठेवला, उठले, आणि त्या दाराला कडी घातली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्यानंतर जे बोलले ते माझ्या तोंडून चुकून निसटलं. मग कडी कोणी घातली?

बिरू मेंढ्या रस्त्यावर थांबवून एकटाच आत आला. हसत आला. मी म्हटलं, "खंड्या गेला. जखम चिघळली."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "कुठं पुरला त्याला?"

ह्याची तयारी कुठं होती माझी! मी बांधाकडं, बोरीच्या झाडाकडं बोट केलं. तो तिकडं गेला. दगड गोळा करून त्यानं तिथं रचले, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. पिशवीतून अर्धी भाकरी काढून त्यावर ठेवली. परत येऊन म्हणाला, "लई गुनी हुता, वैनी. तुमी केलं त्याचं, लई झालं." माझे आभार मानले त्यानं. आणि मी ते घेतले — तोंड वर करून घेतले.

ह्या सगळ्या वेळात आतून आवाज नाही. गल्लीत मांजर फिरकलं तरी भुंकणारा कुत्रा — मालक पाच पावलांवर, आणि चूप. का? मालक कुणाशी बोलत असताना भुंकायचं नाही, हे त्याला बिरूनंच शिकवलं असेल का? की त्याला माझ्याकडंच राहायचं होतं? दुसरं खरं असावं असं मला वाटतं. वाटायला काय जातंय.

पण अजून सांगायचं राहिलंय. मघापासून टाळतेय ते हेच.

बिरू गेल्यावर मी कडी काढली. खंड्या बाणासारखा बाहेर गेला, दगडांपाशी एकदा हुंगलं आणि रस्त्याला लागला. लंगडत पळत होता, पण असा पळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. कळप वळणापर्यंतच गेला होता. मी त्याला जाऊ द्यायला हवं होतं — खोटं उघडं पडलं असतं, शिव्या खाल्ल्या असत्या, झालं. मी काय केलं? कडब्याच्या गंजीमागं लपले, आणि ओरडले, "कुठंय मी?"

गंजीच्या फटीतून मला दिसत होतं. तो रस्त्यात थांबला. मेंढ्यांकडं पाहिलं, घराकडं पाहिलं. पुन्हा मेंढ्यांकडं. मी परत ओरडले. मग तो माघारी आला, मला हुडकलं आणि नाचला. मी त्याला पोटाशी धरून रडले. कसलं रडू होतं ते, अजून कळलेलं नाही. त्यानं मला निवडलं, की मी हरवलेय असं त्याला वाटलं?

भाऊजींना सांगितलं, बिरू कुत्रा ठेवून घ्या म्हणाला. त्यानंतर बिरूनं आमच्या रानात मेंढ्या बसवल्या नाहीत. भाऊजी फोन करतात, तो 'बघू' म्हणतो. त्याला माज आला, असं भाऊजींचं म्हणणं. वळणावरून बिरूनं मागं वळून पाहिलं असेल, हे मी त्यांना सांगत नाही.

खंड्या आता म्हातारा होत चाललाय. हे लिहिताना माझ्या पायाशीच झोपलाय. बिरू अजून दरवर्षी त्याच रस्त्यानं जातो. त्याचा नंबर भाऊजींकडं आहे. मी तो मागितलेला नाही.