दादा, मी हो म्हणालो होतो

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नारायणगावात, खता-औषधांच्या आमच्या दुकानात, एका टोमॅटोवाल्या पावण्यांना करप्यावरचं औषध समजावत होतो. मला त्यातलं कळतं बेताचंच, पण बोलतो मात्र कृषी अधिकाऱ्यासारखं. "भावजी, लवकर या," वहिनी म्हणाल्या, "ह्ये उठंनात." मी "आलो" म्हणालो, फोन ठेवला, आणि तरीही पंपाला किती झाकणं टाकायची ते पावण्यांना दोनदा सांगितलं. मगच निघालो... त्या पाच मिनिटांत मी काय करत होतो ते मला अजून सांगता येत नाही. दादांना उठायला वेळ देत असेन.

याला आता दीड महिना झाला. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, आमच्या गावच्या हायस्कुलात टेक्निकलचे सर. खाकी ॲप्रन, खिशात सहा इंची पट्टी, नखांत कायम काळं. घरातला कुकर, बैठकीतला पंखा, मळ्यातली मोटर, सगळ्यांचे डॉक्टर तेच. मी आठवीत त्यांच्या वर्गात गेलो आणि पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये "दादा" अशी हाक मारली. त्यांनी शांतपणे दाराकडं वळून पाहिलं आणि विचारलं, "कोन आलंय रं घरचं?" सगळा वर्ग हसला. त्यानंतर तीन वर्षं मी सकाळी घरी दादा आणि अकरा वाजता सर म्हणत होतो.

पहिला जॉब सगळ्यांना एकच असे. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चारी बाजू काटकोनात आणायच्या. आणला की दादा त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडं धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की परत द्यायचे. मी एक बाजू सरळ केली की दुसरी तिरकी व्हायची, दुसरी केली की तिसरी. तीन आठवडे घासलं. शेवटी दादांनी तो तुकडा चिमटीत धरून वर्गाला दाखवला. "दिन्या, ह्यो आता जॉब न्हाई राव, बटण झालं. आईला दे, सदऱ्याला लावंल!" पण त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, मागं उभं राहून माझी दोन्ही कोपरं धरली आणि कानस कशी चालवायची ते अंगानं शिकवलं. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेत नाही. माझ्या आठवणीत दादांनी मला जवळ घेतलं ते तेवढंच.

त्यांच्या हाताखालची पोरं चाकणच्या कारखान्यांत लागली, कुणी स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं. पण पुढं पुढं टेक्निकलला मुलं मिळेनाशी झाली. आईबापांना इंग्रजी हवं होतं, टाय हवा होता. पट भरला नाही तर वर्ग बंद, असं वरून आलं, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले दादा जुन्या मोपेडवरून वाड्यावस्त्या फिरायला लागले. पार डिंभे धरणापर्यंत जायचे. धरणावर मासे धरणाऱ्या माणसांशी बांधावर बसून बोलायचे, पोरांची नावं वहीत घ्यायचे. तसे एका संध्याकाळी आमच्याकडंही आले. माझी ऋतुजा तेव्हा आठवीत जाणार होती.

"एका मुलीचं नाव लागलं की बाकीच्या येतील बघ," दादा म्हणाले. "घरचीच पोरगी न्हाई आली, तर मी दुसऱ्याच्या दारात काय तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, "हो दादा. तुम्ही म्हणाल तसं."

थोरल्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. नाही ते नंतर करून दाखवायचं. त्याआधीच्याच आठवड्यात मी ऋतुजाचं नाव नारायणगावच्या इंग्रजी शाळेत घालून आलो होतो, जीपवाल्याशीसुद्धा बोलणं झालं होतं. दादांना ते कळलं शाळा सुरू झाल्यावर, वर्गात त्यांनी वहीतलं तिचं नाव पुकारलं आणि कुणी उठलं नाही तेव्हा. पुढच्या रविवारी भेटले तर मी मान खाली घालून तयार होतो. ते एवढंच म्हणाले, "जीप येळंवर येती ना तिची?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्ग त्याच वर्षी बंद झाला. एकट्या ऋतुजानं तो वाचला नसता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलेलं आहे.

दशक्रियेला नदीवर ऋतुजा ज्या तऱ्हेनं रडली, ते मला उलगडेना. चुलत्यासाठी पोरगी रडते, पण अशी? घरी आल्यावर वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमाला म्हाईत न्हाई? दर रविवारी यायची की ती. ह्यांनी शाळंच्या भंगारातनं एक व्हाइस, लोखंड आवळून धरायचा शिकंजा, आणून पडवीत बसवला व्हता. दोघं दुपारपातुर घासत बसायची. ह्ये लई सांगायचे तिला, बापाला सांग म्हणून."

आम्हाला ती मैत्रिणीकडं गणिताला जाते म्हणून सांगायची. मी तिला विचारलं, अगं, मला का नाही बोललीस? ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला असतात, बाबा."



दहावीचा निकाल लागला आणि तिनं आयटीआयचा विषय काढला. फिटर. मी हो म्हणालो. तिनं मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला घेऊन सेतू केंद्रात गेलो. अर्ज भरणाऱ्या मुलानं दोनदा विचारलं, "काका, मुलगी ना? फिटरच टाकू?" मी म्हणालो, "पहिल्या नंबरला टाक." पावती हातात आल्यावर ऋतुजानं ती उलटसुलट पाहिली, घडी घालून दप्तरात ठेवली आणि म्हणाली, "काकूंकडं जाऊ."

वहिनींनी हातावर साखर ठेवली. मी पडवीत जाऊन उभा राहिलो. भिंतीला ॲप्रन होता, फळीवर कानशी तेल लावून ओळीनं ठेवलेल्या. काय करावं कळेना म्हणून मी व्हाइसचा आवळायचा दांडा उगाच दोनदा फिरवला आणि तसाच आडवा सोडून निघालो. तेवढ्यात ऋतुजा माझ्या बाजूनं पुढं झाली. तिनं दांडा हळूच फिरवून सरळ खाली, उभा लोंबता केला.

"असा ठेवायचा," ती म्हणाली. "जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कमरेला लागतो. काका रागावतात."