चालचलणुकीचा रकाना

माझे सासरे गावचे पोलीस पाटील होते आणि त्यांना सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं. मला बघायला आले तेव्हा भाकरी येते का हे त्यांनी विचारलंच नाही. पाटीवर दोन ओळी लिहून दाखवायला सांगितल्या. सातवी पास झाल्याचं सार्थक झालं असं तेव्हा मला वाटलं. लग्नानंतर कळलं, त्यांनी सून नव्हे, बिनपगारी कारकून घरात आणला होता.

सरकारी नोकरीला अर्ज करायचा तर चालचलणुकीचा दाखला पाटलाकडून लागे. मामंजी ओसरीवर बसून सांगत आणि मी दाराआड बसून लिही. ‘चालचलणूक उत्तम’ हे शब्द माझ्या हाताखालून इतक्यांदा गेले होते की माझी परसातली कोंबडी पळवणाऱ्यालाही मी स्वतःच्या अक्षरात उत्तम ठरवून बसले होते.

मग एकदा वरच्या वाडीतला एक गडी आला. चौथी शिकलेला, धट्टाकट्टा. तालुक्याच्या दवाखान्यात शिपायाची जागा होती आणि ती त्याला मिळण्याजोगी होती. अडचण एकच. दारूबंदीत गुळाची हातभट्टी लावली म्हणून तो महिनाभर येरवड्याला जाऊन आला होता. आणि दाखल्यात रकाना होता : पूर्वी शिक्षा झाली आहे काय?

“वैनी, तेवढं ‘न्हाई’ लिवा की,” तो दाराकडं बघून म्हणाला. “जमीन धरनाच्या पान्याखाली. ही जागा गेली तर परत रानात भट्टीच लावायची पाळी हाय माज्यावर.”

“सरकारी कागदावर खोटं लिवायचं न्हाई,” मामंजी म्हणाले. “त्या पंचनाम्यावर माजी सही हाय.”

तेही खरंच. छाप्याच्या वेळी नुसता वास घेऊन ही दारूच आहे असं मामंजींनी छातीठोक सांगितलं होतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, पण गावात तसं कोणी म्हणालं नाही, कारण त्या वाटेनं सगळेच जात होते.

मी शिक्षेपुढं ‘होय’ लिहिलं. पुढचा रकाना चालचलणुकीचा. मामंजी तंबाखू मळत राहिले आणि म्हणाले, “त्यो कोराच ऱ्हाऊ दे.”

तो गडी मान खाली घालून निघून गेला आणि माझं डोकं तापलं.

“मामंजी, धरनाच्या येळी तुमी बी येरवड्यालाच गेलता की.”

“ते येगळं! आमी जमिनीसाठी गेलतो.”

“त्येची बी जमीन तितंच बुडलीया.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पदर सावरून आत गेले आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी ते जरा जास्तच मळलं गेलं.

आठेक दिवसांनी चौकशीला हवालदार आले. जाताना त्यांनी दाखलाही न्यायचा होता. ते सायकल टेकवून पारावर मामंजी आणि गावच्या म्हाताऱ्यांजवळ बसले. पार आमच्या दारासमोरच, त्यामुळं उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसलं की मला सारं ऐकू येई.

“हा माणूस कधी तुरुंगात होता काय?” बोलावून आणलेल्या त्या गड्याकडं बोट करून त्यांनी विचारलं.

आता आमचे म्हातारे. धरण नको म्हणून त्यांतले निम्मे तुरुंगात जाऊन आलेले. आमच्या खोऱ्यात येरवड्याला जाणं म्हणजे काशीला जाऊन येणं; तिथल्या आमटीच्या गोष्टी त्यांना जन्मभर पुरल्या. पोराची बाजू भक्कम करावी म्हणून सगळे एकदम सरसावले.

“व्हय तर! चांगला म्हैनाभर व्हता!”

“मी तीन म्हैने. मला चक्कीला जुपलं व्हतं.”

“पोरगं आमच्यातलंच हाय, सायेब. घ्या त्येला.”

तो बिचारा पिंपळाला टेकून घाम पुसत होता. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती.

हवालदार वैतागले. “आजोबा, हा दारूपायी गेला होता. माणूस कसा आहे, ते सांगा.”

पारावर हाताची घडी, तोंडावर बोट. जो तो आपल्या वहाणा बघायला लागला. दारूचं नाव निघालं की कोण किती प्यायला हेही निघणार. कोणी बोललं नाही तर त्याची नोकरी गेली, हे मला उंबऱ्यातून दिसत होतं. त्या सगळ्यांची मला भयंकर चीड आली.

तेवढ्यात मामंजी उठले.

“लिवा, हवालदार. दारू त्यानं केली, पर प्यालो आमी. मी बी प्यालो. शिक्षा त्यानं एकल्यानं भोगली आन कुनाचं नाव सांगितलं न्हाई.” मग दाराकडं वळून म्हणाले, “पोरी, त्यो कागद आन. कोरा रकाना भर.”

मी दौत इतक्या घाईनं उचलली की पदरावर शाई सांडली. लुगडं कायमचं गेलं, पण ‘उत्तम’ मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं.

“पाटील, असलं माझ्यासमोर बोलू नका हो,” हवालदार वही मिटत म्हणाले. “मी दाखल्यात आहे तेवढंच वर कळवतो.”

त्याला जागा मिळाली. दवाखान्यातल्या कपाटाची किल्लीही त्याच्याच कमरेला आली आणि त्या कपाटात औषधांबरोबर स्पिरिटची बाटली असायची. गावाला ही मोठी गंमत वाटली.

पुढच्या थंडीत मामंजींचे गुडघे धरले. चोळायला थोडं स्पिरिट आणतो म्हणून ते दवाखान्यात गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. चेहरा लालबुंद.

“म्हनतोय, पाटील, आदी डाक्टरची चिट्टी आना. मला! त्येच्या दाखल्यावर माजी सही, आन मलाच चिट्टी मागतोय!”

“गुडघ्यालाच पायजे व्हतं का, मामंजी?” मी विचारलं.

ते गुडघे दाबत बसले.

“त्येच्या रकान्यात ‘उत्तम’ लिवलं व्हतंस न्हवं?”

“व्हय.”

“बरुबर लिवलंस,” ते म्हणाले.