वाफ्यातून उठताना

ओल्या टॉवेलात गुंडाळलेली शेकाची पिशवी गुडघ्यावर विसावली, की आधी नुसता जडपणा जाणवतो; मग ती ऊब हळूहळू आत झिरपते, आखडलेल्या शिरांना गोंजारते, आणि नकळत तोंडून ‘आई गं’ निघतं. हे ‘आई गं’ सुखाचं, बरं का! कितीतरी महिने तेच दोन शब्द मी केवळ वेदनेसाठी वापरत होते.

गुडघा! उभ्या आयुष्यात त्याची आठवण मी कधी काढली होती? नेत्रांचे, हातांचे गोडवे आपण मनसोक्त गातो. पण देहाचा सारा भार निमूटपणे वाहणाऱ्या या सांध्याकडे कुणाचं लक्ष जातं? पवनारला धाम नदीच्या काठी आमचं घर, आणि घरामागे भाजीचे वाफे. शाळेत मी मराठी शिकवायची, पण शाळेच्या घंटेआधीची माझी पहाट त्या वाफ्यांत सरायची. मेथी उपटायची ती उकिडवं बसून, बसल्या बसल्या पुढे सरकत. आणि वाफा संपेपर्यंत उठायचं नाही, हा आम्हा बायकांचा अलिखित मान. जी मध्येच उठली ती आळशी! नव्या नवरीपणापासून मी तो मान जिवापाड जपला, आणि त्यापायी गुडघे किती झिजले हे निवृत्तीनंतर कळलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी वाफ्यात बसले, ती उठताच येईना. थोरल्या जाऊबाईंनी काखेत हात घालून मला उभं केलं. मग काय, अवघ्या गल्लीच्या मायेला पूर आला! कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी तेल कोमट करून दिलं, आणि जी ती सांगू लागली, “आता बसून राहाजो, काई करू नको.” आमच्या ह्यांनी तर कहरच केला. मी बाजेवरून जरा हलले, की हे जेवत असले तरी ताटावरून उठून हात द्यायला धावायचे. मीही तो हात धरायची. किती सुखाचा होता तो हात!

पोळ्याच्या संध्याकाळी हे अगदी हळू आवाजात म्हणाले, “तुयाच्यानं आता होत नाई. यंदा त्या वाफ्यात हरभरा पेरू, त्याले रोज रोज बसा लागत नाई.” बोलले ते काळजीपोटीच. पण मला वाटलं, कुणी माझं घरच काढून घेतलं. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसून म्हटलं, “दसऱ्यापर्यंत थांबा. मी वाफ्यात बसून माही मीच उठली, तं मेथी. नाई तं पेरा तुमचा हरभरा.”

वर्ध्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. झीज आहे, पण शस्त्रक्रियेची घाई नको, आधी फिजिओथेरपी करा, म्हणाले. मी खट्टू झाले. ना गोळी, ना सुई! आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय इलाज झाल्यासारखा वाटतच नाही. फिजिओथेरपी करणारी मुलगी पुलगावची, मोठी तरतरीत. कुठे दुखतं, हे सगळेच विचारत होते, तिने विचारलं, “काकू, तुमाले नेमकं काय कराचं हाय?” मी म्हटलं, “मेथी उपटाची हाय.” ती हसली नाही. तिने मला खुर्चीवरून उठायला सांगितलं. माझा हात सवयीने बाजूला गेला, आणि तिथे ह्यांचा हात हजरच! “काका, हात मांगं!” ती कडाडली. “तुमीच उठवून राह्यले, म्हणून काकूच्या मांड्या उठणं विसरल्या.” ह्यांचा चेहरा बघवेना. झिजलेला सांधा नवा होत नाही, पण मांडीचे स्नायू बळकट झाले तर त्याचा भार ते वाटून घेतात, हे मग तिने आम्हा दोघांना नीट समजावलं.

आणि सुरू झाली माझी साधना! गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय ताठ ठेवून उचलायचा, छातीशी हात बांधून खुर्चीवरून उठायचं. पहिले काही दिवस मी त्या पोरीच्या नावाने बोटं मोडली. समोर हे उभे, हात पाठीमागे बांधून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे. “काऊन उभे आहा असे? जा ना वावरात!” मी सगळा राग त्यांच्यावर काढायची. ते जात नसत. आणि त्या मुलीची आणखी एक आज्ञा ऐकाल? वाफ्यात सलग बसायचंच नाही. मध्येमध्ये उठायचं, पाय मोकळे करायचे. जन्मभर जिला आळस म्हणून हिणवलं, तीच गोष्ट माझं औषध ठरली! जाऊबाई हसून म्हणाल्या, “मंग आता आमीबी उठतो व!”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी वाफ्यावर गेले; ह्यांनी तो खणून ठेवला होता. मी सावकाश बसले. ओली माती हाताला लागली आणि ऊर भरून आला. ढेकळं फोडली, माती सारखी केली, मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवून उठू लागले. अर्ध्यावर अडले. मांड्या थरथरल्या. धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे नजर गेली. त्यांचा हात पुढे आला होता. तो तसाच थबकला आणि मागे गेला. देण्यासाठी आलेला हात मागे घ्यायला केवढं प्रेम लागत असेल! मी श्वास घेतला, टाचा मातीत रोवल्या, आणि उठले. माझी मी उठले!

हे दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले. मीच म्हटलं, “आता तरी मेथीचं बी आणा.” त्यांनी बंडीच्या खिशातून एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. हाताळून हाताळून कागद पार मऊ पडला होता, आत मेथीचं बी.

“कवा आणलं?”

“तू रडली नाई का,” ते म्हणाले, “त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”