शेवटच्या रांगेतल्या शालनबाई

व्यक्तीचे नाव: सौ. शालन उत्तम माळी. मूळ राहणार तासगाव तालुका, जिल्हा सांगली. हल्ली मुक्काम तेथेच. मधली अठरा वर्षे मुक्काम चंदीगड. घटनेचे ठिकाण: शहरातील एका सेक्टरचे सामुदायिक सभागृह. त्याच्या समितीचे सभासद मला रोज रस्त्यात भेटतात, म्हणून सेक्टरचा आकडा लिहीत नाही. घटनेचा दिवस: जानेवारीतला, लोहडीच्या सणानंतरचा पहिला सोमवार, सकाळी सहा वाजून काही मिनिटे, धुके दाट. साक्षीदार: एक, श्रीमती प्रीतम कौर, वय सत्तरीच्या पुढे, व्यायामवर्गातील सर्वांत जुन्या सभासद. दोन, माझी पत्नी. तीन, मी स्वतः, खिडकीच्या बाहेरून.

मी कचेरीच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत. वडील फौजेत होते, चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत बदली झाली आणि आमचे बुलढाणा कायमचे सुटले. सत्तावीस वर्षांत या हाताने लिहिलेला अर्ज मसुद्यातील दोषामुळे परत आला, असे एकदाही घडलेले नाही. वकीलसुद्धा माझ्या अर्जाची नक्कल ठेवून घेतात. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

शालनबाईंना मी प्रथम पाहिले ते एका टेबलावर उभ्या असलेल्या. सभागृहाचा मंच तेव्हा दुरुस्तीला काढलेला होता. पत्नीच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि मी तिची शाल हातात धरून व्हरांड्यात उभा होतो, कारण पुरुषांना आत प्रवेश नव्हता. आत चाळीसेक बायका, त्यांतल्या बहुतेक पंजाबी, सलवारीचे पायचे वर खोचून उभ्या. टेबलावर एक बुटकी, काळीसावळी, नऊवारीची सवय असल्यासारखी ट्रॅकपँटसुद्धा कमरेशी घट्ट खोवलेली बाई. तिने टाळी वाजवली आणि ओरडली, “एक, दोन, तीन, चार!” त्याबरोबर चाळीस पंजाबी गळे ओरडले, “पाच, सहा, सात, आठ!” चंदीगडमध्ये राहून मराठीतले आकडे इतक्या मोठ्याने मी घराबाहेर कधी ऐकले नव्हते.

शालनबाईंचे यजमान उत्तमराव एका सरकारी प्रयोगशाळेत उपकरणे दुरुस्त करीत. अत्यंत अबोल माणूस. बाई मात्र शाळकरी वयात जिल्हा परिषदेच्या शाळेत लेझीम पथकाच्या म्होरक्या होत्या आणि तेवढे एकच शास्त्र त्यांना येत होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. शहरात ज्या व्यायामाची हवा असेल त्याचे नाव त्या फलकावर लिहीत. पहिल्यांदा ‘एरोबिक्स’ लिहिले. मग ‘पॉवर योगा’. मग ‘बॉलीवूड फिटनेस’. शेवटी मोहालीच्या कंपन्यांतल्या मुली गाड्या घेऊन येऊ लागल्या तेव्हा ‘कोअर वर्कआउट’. फलक बदलला की नवीन पन्नास बायका येत, आणि आत येऊन लेझिमीचे तेच प्रकार, चार आवाज, पवित्रा, आगे फलांग, करीत. फक्त हातात लेझीम नसे. मी एकदा त्यांना म्हटले, की बाई, ही एक प्रकारे दिशाभूल आहे. त्या म्हणाल्या, “कसली दिशाभूल, भाऊ? नाव त्यांच्या डोक्यासाठी हाय, पावलं त्यांच्या पायासाठी हायत.”

सेक्टर चौतीसमध्ये या काळात रंगीत दिव्यांचे किती तरी स्टुडिओ उघडले आणि बंद झाले. तिथे गेलेल्या बायका तीन-चार महिन्यांत परत येत आणि कानकोंड्या होऊन दाराशी उभ्या राहत. शालनबाई त्यांना कुठे गेला होतात म्हणून विचारीत नसत. “आ जाओ जी, जागा पकडो,” एवढेच. एकदा एक लठ्ठ नवी सभासद भिंतीला चिकटून उभी होती, काही केल्या पाय उचलेना. बाई तिच्याजवळ गेल्या आणि आपल्या सांगलीच्या हिंदीत म्हणाल्या, “पाय उचलने को ताकद नहीं लगती, बहनजी. लाज रखने को लगती है. वो पहले नीचे रखो.” सगळा वर्ग हसला, ती बाईही हसली. पुढची नऊ वर्षे तिने एक दिवस चुकवला नाही. सासरे वारले तेव्हासुद्धा चौथ्या दिवशी ती आली होती, हे पत्नीने मला सांगितले. मी ते योग्य मानत नाही, पण नोंद करतो.

आता अर्जाचे प्रकरण. सभागृहाला लागून कोहली साहेबांची कोठी, म्हणजे बंगला, आहे. सेवानिवृत्त गृहस्थ, झोप कमी. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “लिखो जी, सुबह-सुबह शोर है, ढोलकी है, नाच है, और गिनती पता नहीं किस भाषा में है।” माझी पत्नी त्याच वर्गात जाते हे मी त्यांना सांगितले नाही. अर्ज लिहिणाऱ्याने पक्ष पाहू नये. समोर बसेल तो अर्जदार. मी तक्रार लिहिली, आणि चांगली लिहिली. आठवड्याभरात समितीने सभागृहाला कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी प्रीतम कौर दहा-बारा बायका घेऊन माझ्या टेबलापुढे हजर. “वीरजी, ओहो कागज तुस्सी लिखेया सी?” मी हो म्हटले. “फेर हुण साड्डा वी लिखो. ओस तों तगड़ा।” म्हणजे आता आमचाही लिहा, त्याहून जोरदार. शालनबाई मागे झाडाखाली उभ्या होत्या. पुढे आल्या नाहीत.

मी तीन दिवस घेऊन अर्ज तयार केला. माझे उस्ताद सांगत, अर्जात एका व्यक्तीचे नाव आले की अर्ज हलका होतो. ती त्या व्यक्तीची खाजगी मागणी वाटते. म्हणून मी शालनबाईंचे नाव संपूर्ण अर्जात कोठेही घातले नाही. ‘स्त्रियांचे आरोग्य’ घातले, ‘बारा वर्षांची अखंड परंपरा’ घातली. विनंतीच्या कलमात लिहिले: ‘सबब, सदर वर्ग त्याच जागी, त्याच वेळी चालू ठेवण्याचा हुकूम व्हावा.’ खाली एकशे अकरा सह्या. शालनबाई सही करायला पुढे आल्या तेव्हा मीच त्यांना थांबवले. म्हटले, तुमची सही दिसली तर समितीला बोट ठेवायला जागा मिळेल. त्या म्हणाल्या, “तुमाला कळतंय त्यातलं, भाऊ,” आणि पेन परत दिले.

अर्ज मंजूर झाला. हुकूम पुढीलप्रमाणे होता: वर्ग त्याच जागी, त्याच वेळी चालू राहील, ढोलकी वाजणार नाही, मात्र सभागृह कोणा एका व्यक्तीसाठी नसल्याने मंचावर कोणीही प्रशिक्षक उभा राहणार नाही, मंचावर मोठा टीव्ही बसवण्यात येईल आणि रहिवासी त्यावरील व्यायाम पाहून करतील.

जे मागितले ते शब्दशः मिळाले होते. हुकूम मी घरी वाचून दाखवला. पत्नी पोळी लाटत होती. “आणि बाई?” तिने विचारले. मी म्हटले, त्यांच्याविषयी काही लिहिलेले नाही. “कोणी लिहिलं नाही? समितीनं, की तुम्ही?” त्या जेवणात तिने मला नेहमीपेक्षा जास्त वाढले.

मी शालनबाईंच्या क्वार्टरवर गेलो. पुनर्विचाराचा अर्ज लिहून देतो म्हटले, आणि कधी नव्हे ते, चूक माझी आहे असेही म्हटले. उत्तमराव उठून चहा करायला गेले. बाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. परत कुलूप घालतील आन् बायका घरी बसतील. हुकमात वर्गात उभं ऱ्हायला बंदी हाय का मला?” मी हुकूम पुन्हा वाचला. बंदी मंचावर होती. बाई त्या सेक्टरच्या रहिवासी होत्या. “मग झालं,” त्या म्हणाल्या.

त्या शुक्रवारी त्या गेल्या आणि शेवटच्या रांगेत, मागच्या भिंतीजवळ उभ्या राहिल्या. पुढे टीव्हीवर कोणी परदेशी तरुणी समुद्रकिनाऱ्यावर उड्या मारत होती. बायकांनी तिच्याकडे पाहून हातपाय हलवले. कोणाचे कोणाशी जुळत नव्हते. शनिवारीही तेच. बाहेर आल्यावर शालनबाई मला म्हणाल्या, “बारा वर्सं ह्यांची तोंडं बघितली. टाचा आत्ता दिसल्या. निम्म्या चुकीच्या पडत्यात की ओ!” त्या खरोखर काळजीत पडल्या होत्या, टाचांच्या.

सोमवार उजाडला. धुके इतके की मागच्या खिडकीतून मंच दिसत नव्हता, टीव्हीचा नुसता उजेड. मध्येच प्रीतम कौर मोठ्याने म्हणाल्या, “बंद करो इसदी आवाज। दो रुख करिये।” दो रुख हा लेझिमीतला प्रकार आहे: चार आकड्यांत अर्धी गिरकी घेऊन मागे तोंड करायचे, पुढच्या चारांत पुन्हा पुढे. बायकांनी सुरुवात केली. “एक, दोन, तीन, चार.” सगळ्या वळल्या. आता सगळ्यांच्या समोर शेवटच्या रांगेत एकट्या शालनबाई, त्याही भिंतीकडे तोंड करून, कारण वळायला त्या चुकत नसत. “पाच, सहा, सात, आठ.” शालनबाई पुढे वळल्या. बाकी कोणीही वळले नाही.

नव्वद बायका मंचाकडे पाठ करून उभ्या होत्या. शालनबाई रागावल्या. “फिरा की मागारी! क्या देखते हो? टीव्ही उधर है!” कोणी हलेना. प्रीतम कौर म्हणाल्या, “मैडम जी, साड्डा तां मुँह एद्धर ही है. तुस्सी गिनो।” बाईंनी कमरेशी ट्रॅकपँट घट्ट केली आणि टाळी वाजवली. टाळीवर हुकुमात बंदी नव्हती.

कोहली साहेब पुन्हा माझ्याकडे आले. “लिखो, औरतें मंच की तरफ पीठ करके खड़ी होती हैं।” मी कागद घेतला आणि त्यांना विचारले, की हुकुमातील कोणत्या कलमाचा यात भंग होतो ते सांगावे, म्हणजे लिहितो. ते उठले आणि निघून गेले. समोरच्या अर्जदाराला मी रिकाम्या हाताने परत पाठवल्याचा हा एकच प्रसंग.

त्यानंतर चार वर्षे शालनबाई शेवटच्या रांगेत होत्या. गेल्या वर्षी उत्तमराव सेवानिवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि ती दोघे गावी गेली. निघताना मी विचारले, सभागृहात तुमच्या नावाची पाटी लावण्यासाठी अर्ज करू का? त्या म्हणाल्या, “नावाचं काय घिऊन बसलाय, भाऊ? टाचा टेका म्हणावं नीट.”

वर्ग चालू आहे. आता त्याला निराळेच इंग्रजी नाव आहे. मुल्लानपूरच्या नव्या इमारतींतून मुली येतात. त्यांनी शालनबाईंना पाहिलेले नाही. त्याही मंचाकडे पाठ करून, मागच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात आणि आठपर्यंत मराठीत मोजतात. एकीला मी विचारले, की असे उलटे का? ती म्हणाली, “अंकल, यहाँ ऐसे ही होता है।”

गेल्या महिन्यात समितीने सूचना लावली आहे की, सभागृहाच्या रचनेस अनुसरून सर्वांनी मंचाकडे तोंड करावे. प्रीतम कौर माझ्याकडे आल्या आहेत आणि खाली लिहिलेले कलम त्यांना वाचून दाखवले आहे. उस्तादांचा नियम मी या वेळी पाळलेला नाही.

सबब विनंती की, सदर वर्गाचे तोंड आहे त्या दिशेस राहू द्यावे, कारण तेथे सौ. शालन उत्तम माळी उभ्या राहत असत. आणि ते तोंड का फिरवावे, याचे कारण समितीने सौ. शालन उत्तम माळी यांच्या नावाचा उल्लेख करून लेखी कळवावे. उत्तर येईपर्यंत वर्ग सकाळी सहा वाजता, पूर्ववत.